कवळाण्याचा गोपाळ राजा झाला आणि त्यानं बडोद्याच्या मुलांसाठी इजिप्त आणून ठेवलं

इतिहासाच्या पुस्तकात इजिप्त आला की वर्गात जरा चुळबुळ सुरू होते. पिरॅमिड, ममी, सोन्याचे मुखवटे, मांजरीच्या देवी. मुलांना सगळंच भारी वाटतं. पण दोन पानं उलटली की स्वाध्याय येतो. नाईल नदीकाठी कोणती संस्कृती उदयास आली? इजिप्तच्या राजाला काय म्हणत? उत्तरं पाठ होतात, परीक्षा होते आणि इजिप्त संपतो.

राजापूर असो, लांजा असो की मालेगाव, छोट्या गावातल्या मुलाला इजिप्तची एखादी खरी वस्तू समोर ठेवून शिकायला मिळणं आजही अवघडच आहे. मग सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पना करा. तेव्हा बहुतेक गावांत शाळाच नव्हत्या. त्या काळात एका मराठी राजानं आपल्या संस्थानाच्या राजधानीत संग्रहालय उभं केलं आणि १८९५ मध्ये तिथं थेट इजिप्तची ममी आणली. ती आजही तिथंच आहे.

हा राजा म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे. आणि यातली खास गोष्ट अशी की वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ते स्वतः शाळेत गेले नव्हते.

गावातला पोरगा गादीवर कसा आला?

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावात काशीराव गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं गोपाळ. घराणं बडोद्याच्या गायकवाडांचंच, पण दूरची पाती. हातात सत्ता नव्हती. शेतीवाडी, गुरंढोरं, गाव असंच त्याचं बालपण गेलं.

तिकडे बडोद्यात मोठी गडबड चालली होती. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढल्या. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप झाला, चौकशी बसली आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदावरून दूर केलं. गादी रिकामी झाली.

खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या पातीतली मुलं शोधताना कवळाण्याची मुलंही बडोद्याला आणली गेली. तिथं मुलांना कशासाठी आलात असं विचारल्यावर गोपाळनं राज्य करायला आलोय असं ठणकावून सांगितलं, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तकविधान झालं. कवळाण्याचा गोपाळ आता सयाजीराव झाला.

बाराव्या वर्षी पहिली पाटी

राजा तर झाला, पण लिहायला-वाचायला कोण शिकवणार? कारभार सांभाळायला दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले आणि मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे आली. राजवाड्यातच शाळा सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल, शिवाय व्यायाम आणि घोडेस्वारी. दिवसभराचं वेळापत्रक काटेकोर होतं.

ज्या वयात इतर मुलांचं प्राथमिक शिक्षण संपतं, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरांपासून सुरुवात करत होता. पाठीशी गावातल्या मोकळ्या आयुष्याचा अनुभव आणि समोर पुस्तकातलं अनोळखी जग. सयाजीरावांनी पुढं जे काही केलं, ते या टप्प्याशी जोडून बघितलं की नीट कळतं. शब्द माहीत नसलेल्या माणसाला जग कसं समजावायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. ते स्वतः त्यातून गेले होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्याच साली बडोद्यात कॉलेज सुरू झालं.

जग बघितलं आणि घरी आणायचं ठरवलं

१८८७ मध्ये सयाजीराव पहिल्यांदा युरोपला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणाऱ्यांची संख्या तेव्हा कमी नव्हती. तरी ते गेले आणि पुढं आयुष्यभर जात राहिले. त्यांच्या परदेशवाऱ्या इतक्या वाढल्या की इंग्रज सरकारलाही त्या खुपायला लागल्या. संस्थानिकांनी परवानगीशिवाय परदेशी जाऊ नये, असं परिपत्रक लॉर्ड कर्झनच्या काळात निघालं आणि त्यावरून सयाजीरावांचं सरकारशी वाजलंही.

मुंबईहून युरोपला जाणारी बोट तेव्हा सुएझ कालव्यातून जायची. म्हणजे वाट इजिप्तच्या दारातूनच. पुढं लंडन, पॅरिससारख्या शहरांत सरकारी संग्रहालयं होती. तिथं राजवाड्यांत आणि खजिन्यांत दडलेल्या वस्तू सामान्य माणसासमोर मांडलेल्या असत. शाळेची मुलं रांगेनं येत, बघत, प्रश्न विचारत.

आपल्याकडंही राजेलोक वस्तू जमवत होतेच. पण त्या राजवाड्यात राहायच्या. पाहुणा आला तर दाखवायच्या. सयाजीरावांनी वेगळी वाट धरली. विश्वामित्री नदीकाठच्या कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, १८८७ मध्ये संग्रहालयाचं काम हाती घेतलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि सायन्स म्युझियमचा नमुना समोर होता. इमारतीच्या आराखड्यामागं मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट चिझम ही नावं होती. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही याच दोघांच्या हातचा. १८९४ मध्ये संग्रहालयाची इमारत तयार झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतून ममी आली.

त्यानंतर शेजारी चित्रसंग्रहालयाची इमारत बांधायला घेतली. १९०८ मध्ये सुरू झालेलं काम १९१४ मध्ये संपलं. पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि बडोद्यासाठी निवडलेली युरोपियन चित्रं इंग्लंडमध्येच अडकली. शेवटी १९२१ मध्ये ते दालन उघडलं.

पण ममी बघून मुलं नेमकं शिकतात काय?

बहुतेक लोक ममी बघतात, जरा घाबरतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. पण एखाद्या चांगल्या शिक्षकानं सातवीच्या मुलांना या एकाच काचेच्या पेटीसमोर अर्धा तास थांबवलं, तर अख्खा इजिप्शियन समाज उलगडू शकतो. कसा ते बघू.

आधी कापड बघायचं. ममीभोवती गुंडाळलेल्या पट्ट्या लिननच्या असतात. लिनन येतं जवसाच्या खोडातल्या धाग्यापासून. म्हणजे नाईलच्या काठी जवसाची शेती होती, ते कापणारे शेतकरी होते, सूत काढणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका होत्या. कित्येकदा घरातली जुनी वापरलेली कापडं फाडूनच या पट्ट्या करत. आपल्याकडं जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसंच.

मग मीठ. मृतदेह टिकवायला त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. त्यासाठी इजिप्तचे लोक नॅट्रॉन नावाचं नैसर्गिक खार वापरत. ते वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांतून मिळायचं. सुमारे ४० दिवस देह या खारात ठेवत आणि सगळा विधी साधारण ७० दिवस चालायचा. खारवलेली मासळी माहीत असलेल्या कोकणातल्या मुलाला हे तत्त्व समजावून सांगावंच लागणार नाही. पाणी गेलं की कुजणं थांबतं.

त्यानंतर राळ. देहाला लावायचे सुगंधी चीक आणि चांगलं लाकूड इजिप्तमध्ये पुरेसं नव्हतं. देवदारासारखं लाकूड लेबनॉनकडून यायचं. म्हणजे समुद्री व्यापार होता. रामसेस दुसरा हा फॅरो इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले. मिरी हे भारताच्या नैऋत्य किनाऱ्याकडचं पीक. आपल्या मसाल्याच्या डब्यातला दाणा तीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या राजाच्या नाकात पोहोचला होता, हे एकदा ऐकलं की मूल आयुष्यभर विसरत नाही.

आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ममी कुणाची व्हायची? या सगळ्या प्रकाराला खर्च येत होता. राजघराणी, पुरोहित, अधिकारी, पैसेवाले यांनाच तो झेपायचा. गरिबाला वाळूत साधा खड्डा मिळायचा. म्हणजे संग्रहालयात दिसणारा इजिप्त हा बऱ्याच अंशी श्रीमंतांचा इजिप्त आहे, हे मुलांना सांगावं लागतं.

मग सामान्य माणूस कुठं शोधायचा? त्याच थडग्यांमध्ये. अनेक थडग्यांत लाकडाच्या छोट्या प्रतिकृती सापडतात. कुणी पाव भाजतंय, कुणी बिअर बनवतंय, कुणी होडी वल्हवतंय. काही ठिकाणी शब्ती नावाच्या लहान बाहुल्या मिळतात. त्यांच्या हातात कुदळ असते. मेल्यानंतरच्या जगातही शेतात राबायची पाळी आली तर मालकाऐवजी या बाहुल्यांनी राबायचं, अशी ती कल्पना. म्हणजे वेठबिगारीसारखी सक्तीची कामं लोकांच्या डोक्यात इतकी बसली होती की परलोकातही त्यातून सुटायची सोय आधीच करून ठेवावी लागे.

थडग्यांच्या भिंतीवरच्या चित्रांतही हेच दिसतं. मालक मोठा आणि मजूर लहान काढलेले असतात. ती काही चित्रकाराची चूक नव्हे. ज्याचा मान मोठा, त्याचं चित्र मोठं, असा नियमच होता. कापणीच्या चित्रात शेतकऱ्यांच्या शेजारी धान्याची मोजदाद करणारा लेखनिक दिसतो. त्यानं मोजलं की कर ठरला. लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हातात किती सत्ता होती, हे त्या एका चित्रातून कळतं.

ही सगळी माहिती पुस्तकातही सापडते. फरक एवढाच की वस्तू समोर असली की प्रश्न मुलाकडून येतो. पुस्तकात उत्तर आधी येतं.

जे संग्रहालयात येऊ शकत नाहीत, त्यांचं काय?

बडोदा शहरात संग्रहालय उभं राहिलं. पण संस्थान काही एका शहराचं नव्हतं. नवसारीपासून काठेवाडातल्या अमरेलीपर्यंत ते तुकड्या-तुकड्यांत पसरलं होतं. खेड्यातला शेतकरी पोराला घेऊन ममी बघायला कशाला येईल?

त्यासाठी सयाजीरावांनी आधी शाळेचा प्रश्न घेतला. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. प्रयोग जमतोय असं दिसल्यावर १९०६ मध्ये हा कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलं आणि मुली दोघांनाही. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. खुद्द इंग्लंडमध्ये शाळेची सक्ती सगळीकडे लागू झाली ती १८८० मध्ये, तेव्हा बडोदा फार मागं नव्हतं.

या प्रयोगाचा धागा रत्नागिरी जिल्ह्याशीही जुळतो. गुहागरजवळच्या कोतळूकमध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये ब्रिटिश भारतात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यासाठी कायदेमंडळात विधेयक मांडलं. बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. पुढच्या वर्षी ते विधेयक फेटाळलं गेलं. संस्थान जे करू शकत होतं, ते इंग्रज सरकारला नको होतं. देशभरातल्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू व्हायला २०१० साल उजाडलं.

दुसरी पायरी होती ग्रंथालयांची. सयाजीरावांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांना आणि गावांना ग्रंथालयं आणि जिथं काहीच नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या, अशी साखळी उभी राहिली. एका गावात पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावाला जायची.

पण ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? इथं बडोद्याची खरी कमाल दिसते. ग्रंथालय खात्यातच चित्रांतून शिकवणारी एक वेगळी शाखा काढली गेली. तिच्याकडं मॅजिक लँटर्न होते, म्हणजे काचेच्या पट्टीवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठं करून दाखवणारं यंत्र. स्टिरिओस्कोप होते, ज्यात एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून भिंगातून बघितले की दृश्य खोल आणि खरं वाटायचं. आजच्या व्हीआर चष्म्याचे पणजोबाच म्हणा ना. पुढं सिनेमाची यंत्रंही आली. गावात रात्री पडदा लागायचा आणि लोक जमिनीवर बसून दूरचं जग बघायचे.

चित्रांवरचा हा भर इतर गोष्टींतही दिसतो. राजवाड्यासाठी सयाजीरावांनी राजा रविवर्मांकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं काढून घेतली. ती राजवाड्यात लागण्याआधी लोकांसाठी प्रदर्शनात मांडली गेली आणि बघायला गर्दी लोटली. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. तिथं शिकलेल्यांमध्ये त्र्यंबकेश्वरचा एक मुलगाही होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके ते हेच.

आणि पुस्तकंही मागं राहिली नाहीत. १९१२ मध्ये सयाजीरावांनी मराठी आणि गुजराती ग्रंथांसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाली. मुलांना समजेल अशा भाषेतली छोटी माहितीपर पुस्तकं, तीही आपल्या भाषेत.

चित्र इतकं गोड होतं का?

नाही. आणि ही बाजू वगळली तर सयाजीरावांची गोष्ट अर्धीच राहील.

त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या. पण त्या वेगळ्या शाळा होत्या. तिथं शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होत नव्हते. राजाचा हुकूम होता, पैसा होता, तरी माणसं मिळत नव्हती.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. या शिष्यवृत्तीनं भारताच्या इतिहासाला वळण दिलं, असं म्हटलं तर ते चूक ठरणार नाही. पण १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बाबासाहेब बडोद्याला परतले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. त्यांना बडोदा सोडावं लागलं.

ज्या शहरात हजारो वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या माणसाच्या देहाला काचेच्या पेटीत मानाची जागा मिळाली, त्याच शहरात कोलंबियात शिकून आलेल्या जिवंत माणसाला खोली मिळाली नाही. संग्रहालयं, शाळा, ग्रंथालयं समाज बदलायला मदत करतात. पण तेवढ्यानं समाज बदलत नाही, हे बडोद्यानं दाखवून दिलं.

ममीबद्दलही एक प्रश्न आज विचारला जातो. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधून ममी सर्रास विकल्या जायच्या. युरोप-अमेरिकेतली श्रीमंत मंडळी, संग्रहालयं त्या विकत घ्यायची. काळाच्या मानानं ते चालून गेलं. पण ममी ही वस्तू नसून कुणाचा तरी मृतदेह आहे. त्या माणसाची स्वतःच्या देहाबद्दल काही श्रद्धा होती. १९८३ च्या कायद्यानं इजिप्तनं आपल्या प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर पूर्ण बंदी घातली. आज मुलांना ममी दाखवताना ही गोष्टही सांगायला हवी. सातवीतल्या मुलाला ती चांगली कळते.

शेवटची वर्षं

१९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जला मुजरा करून परतताना सयाजीरावांनी पाठ फिरवली, यावरून मोठा गदारोळ झाला. इंग्रजांची त्यांच्यावर करडी नजर होतीच. घरातही दुःखं कमी नव्हती. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, त्यानंतर शिवाजीराव आणि जयसिंहरावही तरुणपणीच वारले. तीन कर्त्या मुलांचं जाणं त्यांनी पाहिलं.

काम मात्र सुरूच होतं. १९२७ मध्ये संस्कृत आणि इतर जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. १९३० च्या दशकात संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. म्हणजे परदेशातल्या वस्तू आणण्यापासून सुरू झालेला प्रवास आपल्याच जमिनीखालच्या वस्तू शोधण्यापर्यंत आला होता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. वय ७५. त्यांच्या पश्चात नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठाला सयाजीरावांचं नाव दिलं गेलं. तिथली ललित कला आणि पुरातत्त्वाची शिकवणूक पुढं देशभर नावाजली गेली.

राजापूरच्या मुलांनी काय करायचं?

प्रत्येक तालुक्याला ममी मिळणार नाही. तशी गरजही नाही. राजापूरचंच घ्या. बारसू हे नाव २०२३ मध्ये रिफायनरीच्या वादामुळे राज्यभर पोहोचलं. पण त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभा दगडात चित्रं खोदून ठेवली आहेत. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतली बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ आणि कशेळी ही ठिकाणं राजापूर तालुक्यात आहेत.

बारसूला दोन बाजूंना दोन वाघांसारखे प्राणी आणि मधोमध माणूस, असं मोठं चित्र आहे. गंमत म्हणजे अशीच रचना इजिप्तमध्ये हायराकॉनपोलिसच्या सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातल्या भिंतीवर दिसते आणि मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही दिसते. याचा अर्थ राजापूरचे लोक इजिप्तला गेले होते असा नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना एकच कल्पना सुचू शकते. मुलांना इतिहासात सावधपणे विचार करायला शिकवायचं तर याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

इजिप्तकडं लिपी होती, १८२२ मध्ये ती वाचता आली आणि बरीचशी उत्तरं मिळाली. कातळशिल्पांसोबत एक अक्षरही नाही. त्यामुळं इथं फक्त बघून विचार करायचा आहे. कशेळीच्या महाकाय हत्तीच्या आत इतर प्राणी का खोदले असतील? आज कोकणात न दिसणारे प्राणी काही ठिकाणी कसे आले? चित्रं एवढी मोठी का, की उभं राहून ती पूर्ण दिसतच नाहीत? देवाचे गोठणेला होकायंत्र नेलं तर सुई भलतीकडंच का वळते?

यासाठी लागतो एक शनिवार, एक एसटी आणि तीन प्रश्न लिहिलेली वही. ही वस्तू कशाची आहे, कुणी केली असेल आणि कुणासाठी? इजिप्तच्या ममीपुढंही हेच तीन प्रश्न चालतात. फक्त सड्यावर जाताना पायातल्या चपला शिल्पांच्या बाहेर काढायच्या आणि रेघांमध्ये खडूनं काही भरायचं नाही, एवढं मुलांना आधी सांगायचं.